लकव्यानंतरची ‘नर्स नेव्हिगेटर’ सेवा, ९० दिवस वापरून: साडेतीन तारे

आधी पैशाचं सांगून टाकते. ९० दिवसांचं पॅकेज, ११,५०० रुपये, डिस्चार्जच्याच दिवशी भरायचे. फिजिओथेरपी, तपासण्या, औषधं यातलं काही त्यात नाही. मेडिक्लेमवाल्यांनी ही पावती जशीच्या तशी परत पाठवली. तिच्यावर ‘केअर कोऑर्डिनेशन’ असं छापलं होतं आणि त्यांच्या यादीत असला खर्चच नाही. मी एका कर सल्लागारांच्या ऑफिसात अठरा वर्षं दुसऱ्यांच्या पावत्या तपासतेय. घरची पावती मात्र न वाचता पर्समध्ये टाकली. त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय.

हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही. नाशिकमधलं खाजगी हॉस्पिटल आहे, एवढं पुरे. निम्मं कौतुक आहे, निम्मी तक्रार आहे, आणि ज्या सिस्टरचं कौतुक करायचंय ती आता तिथे नाही. नाव वाचून कुणी गेलंच, तर मला मिळालं ते त्यांना मिळेल याची खात्री मी कशी देऊ?

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७१, निफाड तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग. गेल्या ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, उरकली, काड्यांना पेस्ट लावून झाली, मजुरांचे पैसे चुकते केले आणि रात्री दहाला झोपले. पहाटे पाचला आईने उठवलं तर तोंड वाकडं, उजवा हात-पाय लुळा, बोलायला जावं तर नुसता आवाज. दादाने शेजाऱ्यांच्या पिकअपमध्ये गादी टाकून त्यांना नाशिकला आणलं. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि झोपेत लकवा झाला असेल तर माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथून घड्याळ मोजतात. म्हणजे रात्री दहापासून. आई जागी व्हायच्या आधीच आमची वेळ संपली होती. स्कॅनमध्ये डावा मेंदू, ईसीजीत हृदयाचे अनियमित ठोके, गुठळी बहुतेक तिथूनच सुटली असं डॉक्टर म्हणाले. नऊ दिवस ॲडमिट. त्या नऊ दिवसांबद्दल मला काही लिहायचं नाही. तिथे सगळं करायला माणसं होती.

खरी पंचाईत दहाव्या दिवशी. हातात इंग्रजी कागदांची जाडजूड फाईल, सात प्रकारच्या गोळ्या, लघवीची नळी, आणि स्वतःहून कुशीवर न वळता येणारा माणूस. जेल रोडला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही. गावी न्यायचं तर तिथे फिजिओथेरपिस्ट नाही. बिलिंगच्या खिडकीवरच्या मुलीने विचारलं, “नेव्हिगेटर पॅकेज घेताय का?” मला वाटलं गाडीत बसवायचं काहीतरी आहे.

तर हे नेव्हिगेटर म्हणजे काय? घरी गेल्यावर एकच ठरलेली नर्स तुमच्या पेशंटच्या मागे असते. ती औषधं जुळवते, डॉक्टरांच्या वेळा लावते, घरी येऊन बघून जाते, फोन करते, आणि तुम्हाला काय विचारायचं ते सुचत नसेल तर ते स्वतःच विचारते. शब्द कुठून आला म्हणून नंतर शोधलं. १९९० साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या गरीब रुग्णांसाठी अशी वाट दाखवणारी माणसं नेमली, तिथून ही पद्धत निघाली. आपल्याकडे फुले योजनेच्या हॉस्पिटलांत आरोग्यमित्र बसतात, ते कागदपत्रांची वाट दाखवतात. ही बाई घरातली वाट दाखवते. आईला तो शब्द काही झेपला नाही. ती पहिल्या दिवसापासून ‘गेटवाली सिस्टर’ म्हणायला लागली, मग आम्ही सगळेच.

गेटवाली सिस्टर चौथ्या दिवशी घरी आली. पस्तिशीची असेल, दिंडोरीकडची, स्कूटीवरून. चप्पल काढता काढताच म्हणाली, “ताई, घरात जेवढ्या म्हणून गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या बाहेर आणा. देवघरातल्यापण.”

“देवघरातल्या?”

“म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या तिथंच असतात.”

देवघरात नव्हत्या. आईच्या गावाहून आणलेल्या पिशवीत, कुंकवाच्या डबीखाली होत्या. गावातल्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी सुरू केलेली बीपीची गोळी. हॉस्पिटलने दिलेल्या सातांत दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या नावाची, पण आत तेच टेल्मिसार्टन. जुनी बंद करा असं आईला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आई नेमाची, त्यामुळे चार दिवस ती दोन्ही देत होती. सिस्टरने बीपी घेतलं तर ९४/६०. दोन दिवस अण्णा मान टाकत होते, बसवलं की डोळे मिटत होते, आणि आम्ही सगळे ‘अशक्तपणा आहे, नारळपाणी द्या’ म्हणत होतो. तिने आमच्या हॉलमधूनच डॉक्टरांना फोन लावला, जुनी गोळी बंद करून घेतली, आणि त्या पट्टीवर माझ्या मुलाच्या जाड मार्करने फुली मारली. फेकली नाही. म्हणाली, “फेकली तर आजी गावाहून नवीन मागवतील. फुली दिसली की देणार नाहीत.”

मग फाईल उघडली. लघवीची नळी कधी काढायची ते फाईलमध्ये कुठेच नव्हतं. मी चार वेळा वाचली होती, मला ते लक्षातही आलं नव्हतं. कागदावर काय लिहायचं राहिलंय ते दिसायला अनुभव लागतो. हिशेबातही असंच असतं, चुकीची नोंद कुणालाही सापडते, राहून गेलेली नोंद सापडणं अवघड. नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून तिने त्याच फोनवर विचारून घेतलं आणि दोन दिवसांनी नळी निघाली.

त्या भेटीत आणखी बरंच झालं. अण्णांना उठवताना दादा त्यांच्या उजव्या काखेत हात घालून ओढायचा. लुळ्या बाजूचा खांदा स्नायूंनी धरलेला नसतो, असा ओढला की सांधा सरकतो, मग महिनोन् महिने दुखतो. तिने दादालाच कॉटवर झोपवलं आणि त्याला उठवून दाखवलं: आधी कुशीवर, मग पाय खाली, मग कमरेला धरून. खांदा दुखतो म्हणून दादाने मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून ठेवली होती, ती तिने माझ्या हातात दिली आणि परत करायला सांगितलं. अण्णांना आता रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज दोनदा आहे, तिच्यासोबत असली दुखण्याची गोळी घेतली तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती. आणि ती रक्ताची गोळी संपायच्या पाच दिवस आधी नवीन पट्टी घरात पाहिजे, एक वेळही चुकता कामा नये, हे तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझ्या नवऱ्याकडे बघून. मेडिकलला जाणारे ते आहेत हे तिला कसं कळलं कोण जाणे.

निघताना तिने आईचंही बीपी घेतलं. १६८/१००. आईने ते जन्मात कधी मोजलंच नव्हतं. पॅकेज अण्णांच्या नावावर होतं, हे हॉस्पिटलच्या लक्षात आणून देऊ नका.

गिळण्याचं प्रकरण वेगळं लिहिते, कारण नऊ दिवसांत ते मला धडपणे कुणी समजावलं नव्हतं. आमची समजूत अशी की आजारी माणसाला पातळ द्यावं: चहा, पाणी, ताक, वरणाचं पाणी. नेमकं उलटं. घसा लुळा पडलेल्याला पातळ सगळ्यात घातक, कारण ते पटकन घसरतं आणि श्वासनलिकेत जातं. पाणी घट्ट करायची पावडर मिळते, ती किती टाकायची ते सिस्टरने चमच्यावर दाखवलं: चमचा तिरका केला की मधासारखं संथ पडलं पाहिजे. बाकी नाचणीची दाट पेज, मऊ खिचडी, दही चालेल. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. शेवटी बोटाला ओलं फडकं गुंडाळून उजव्या गालातून शिल्लक घास काढायचा. अण्णांना त्या गालातलं काही कळत नव्हतं, सकाळचा भात दुपारी निघायचा.

मग म्हणाली, “आणि नाशिकचे आहात, आज ना उद्या मिसळ मागतील. सगळ्यात वाईट तीच. पातळ रस्सा आणि कडक शेव एका घासात. तोंडाला कळतच नाही गिळायचं का चावायचं.” अण्णा तेवढ्यात हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा, अर्ध्या तोंडाने. पुढच्या रविवारी आमच्याकडे मिसळ आणायचा बेत होता तो रद्द झाला, आणि नंतर तीन महिने कुणी खाल्ली नाही. रविवारी मिसळ नाही म्हणजे नाशिकात घरात सुतक असल्यासारखं वाटतं, पण अण्णांसमोर खायची कशी?

बोलण्याचंही तसंच. गावाहून येणारा प्रत्येक जण अण्णांशी ओरडून बोलायचा. “अण्णा! ओळखलं का! मी कोण!” मेंदूचा डावा भाग गेला की शब्द हरवतात, कान नाही. सिस्टरने आमच्या एका चुलत्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, “काका, त्यांना ऐकू येतंय. त्यांना शब्द सापडत नाहीये. तुम्ही ओरडलात म्हणून सापडणार नाही.” चुलते माजी सरपंच. त्यांना असं कुणी बोलत नाही. पण हळू बोलायला लागले.

तिने एक गंमत करून दाखवली. अण्णांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं, स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. ती म्हणाली, “बाबा, बे एके बे…” आणि थांबली. अण्णांनी “बे दुणे चार” उचललं आणि थेट बे दाहे वीसपर्यंत गेले. नंतर मी निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा, सुरू करून दिली तर तीसुद्धा आली, जुन्या शाळेतली, सुरात. आईने पदर डोळ्यांना लावला, तिला वाटलं वाचा परत आली. सिस्टरने तिथेच सावध केलं: घोकून पाठ झालेलं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं, नवं वाक्य जुळवणं वेगळं. याचा अर्थ उद्या बोलतील असा नाही, पण घशातून आवाज निघतोय, रोज पाढे म्हणून घ्या, आणि स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा सोडू नका. खोटी आशा न दाखवता उत्साह द्यायचा, हे सगळ्यांना जमत नाही. मला स्वतःला जमत नाही.

मुलाने तिच्या सांगण्यावरून पुठ्ठ्यावर फोटो चिकटवले. बाजारातले छापील तक्ते नाहीत, आमचाच तांब्या, आमचीच गोधडी, कमोडची खुर्ची, आई, दादा, आणि बाग. अण्णा दिवसातून दहादा बागेवर बोट ठेवायचे. सिस्टरच्या माहेरी थॉमसन द्राक्षांची बाग आहे, त्यामुळे तिला नीट विचारता यायचं. “बाबा, किती दिवसांची झाली? वीस?” अण्णा डाव्या हाताची दोन बोटं, मग सहा. “सव्वीस! मग डाऊनी रोगाचं बघितलं का दादांनी?” की अण्णा दादाकडे असे बघायचे की त्याने रात्रीच गावी जावं. द्राक्षवाले छाटणीपासून दिवस मोजतात. लकवा दुसऱ्याच दिवशी झाल्यामुळे अण्णांचा आजार आणि बागेचं वय बरोबरीने चाललं होतं, आणि अण्णांचा दिवस कधी चुकला नाही. शब्द गेले, हिशेब शाबूत.

वेळा लावून देण्याचं काम ऐकायला किरकोळ वाटतं. आमच्याकडे अण्णांना खाली न्यायचं म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीला चादरीने बांधून चौघांनी दोन मजले उतरवायचं. दादा, माझा नवरा, वॉचमन आणि समोरच्या ब्लॉकमधला जिमला जाणारा मुलगा. मेंदूचे डॉक्टर सोमवारी बोलवत होते, हृदयाचे गुरुवारी, स्पीचवाल्या शनिवारी. सिस्टरने तिन्ही वेळा एकाच दिवशी, अकरा ते दोनच्या मध्ये बसवल्या, आणि मधल्या तासासाठी अण्णांना आडवं व्हायला डे-केअरमधला एक पलंग मोकळा ठेवून घेतला. रक्त घ्यायला माणूस घरी पाठवला. मी डॉक्टरांच्या काउंटरवर हेच मागितलं होतं, तेव्हा ‘मॅडम, तसं होत नाही’ असं उत्तर मिळालं होतं. तर होतं.

अण्णा मधूनच रडायचे. जाहिरात बघून, दूधवाला आला म्हणून, काहीही. सिस्टरने आईला विचारलं, रडल्यावर लगेच थांबतात की दिवसभर उदास असतात, जेवण टाकतात का, रात्री झोपतात का. उत्तरं लिहून डॉक्टरांना दिली, एक गोळी सुरू झाली. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं म्हणे. आम्ही ते ‘मन हळवं झालंय’ म्हणून सोडून दिलं असतं. आणि त्याच आठवड्यात गावातून कबुतराच्या रक्ताने मालिश करायचा सल्ला घेऊन दोन जण आले होते. त्यांची बोळवण मात्र आईनेच केली, पॅकेजची गरज पडली नाही.

आता तक्रारी.

भाऊबीजेला आत्या ओवाळायला आली. मी स्वयंपाकघरात, आई देवाजवळ. आत्याने मायेने चहा बशीत ओतला आणि भावाला दोन घोट पाजले. अण्णांना ठसका लागला, थांबला, आम्ही विसरलो. संध्याकाळपासून त्यांचा आवाज ओला यायला लागला, घशात पाणी असल्यासारखा. रात्री नऊला १०१ ताप. मी पॅकेजच्या नंबरला फोन लावला. रेकॉर्ड केलेल्या बाईने सांगितलं की सेवेची वेळ सकाळी नऊ ते सहा, रविवार व सणाच्या सुट्ट्या वगळून. लकव्याला रविवारची सुट्टी असते का? बिलिंगच्या खिडकीवर हे कुणी बोललं नव्हतं. पावतीच्या मागे बारीक अक्षरात होतं, तेही नंतर बघितलं.

पण दारामागे तिने चिकटवलेला कागद होता. एका बाजूला आमच्यासाठी मराठीत: खाल्ल्यावर ठसका, ओला आवाज आणि ताप असं दिसलं तर फोनची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी, तोंड नव्याने वाकडं, हातपाय नव्याने लुळा किंवा अचानक जोरात डोकं दुखलं तर १०८. दुसऱ्या बाजूला डॉक्टरांसाठी इंग्रजीत: निदान, गोळ्या, रक्त पातळ करणारी गोळी कोणत्या वेळी, गिळण्याची स्थिती. शेजाऱ्यांची गाडी काढली, चौकडी जमवून खुर्ची उतरवली, पावणेदहाला पोचलो. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी कागद वाचला आणि मला दोनच प्रश्न विचारले. एक्स-रेत उजव्या फुप्फुसात खाली डाग. चार दिवस ॲडमिट, शिरेतून अँटिबायोटिक, बरे झाले. लवकर आणलंत, म्हणाले. म्हणजे सेवा बंद होती त्या रात्री सिस्टरचा कागद उपयोगी पडला. याचे तारे कुणाला द्यायचे, मला कळेना.

दुसरी तक्रार ॲपची. पॅकेजसोबत एक ॲप मिळतं. डिस्चार्जच्या तिसऱ्या दिवशी त्यावर निरोप आला: ‘नमस्कार! आज ३० मिनिटे चाललात का?’ खाली हो आणि नाही अशी दोन बटणं. माणूस कुशीवर वळत नाहीये. दर सोमवारी तोच प्रश्न. ‘नाही’ दाबलं की ‘काही हरकत नाही, उद्या प्रयत्न करा!’ आणि एक नाचणारं बाहुलं. मी ते फोनवरून काढून टाकणार होते, पण बिलं त्याच्यातच येत होती.

माझा भाचा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने ‘मावशी, हे वाच’ म्हणून दोन अभ्यासांची माहिती पाठवली. पहिला २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, आपल्याच देशातल्या १४ हॉस्पिटलांचा, १,२५० रुग्णांचा. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम आणि काळजी घ्यायला शिकवलं, निम्म्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी दोन्हीकडे तेवढेच लोक दगावलेले किंवा परावलंबी, ४७ टक्के आणि ४७ टक्के. दुसराही भारतातलाच, चार हजारांवर रुग्ण, १२ भाषांतले एसएमएस, व्हिडिओ आणि एक वही, पुन्हा झटका येऊ नये म्हणून. त्यातही फरक पडला नाही. भाच्याचं म्हणणं, मावशी, तू ११,५०० घालवलेस.

दोन दिवस मला ते टोचत राहिलं. नंतर माझी नोंदींची वही काढली. दुसऱ्या अभ्यासाचं मला पटलं, नाचणारं बाहुलं बघितलेल्या कुणालाही पटेल. पहिल्याचं असं की अण्णांचा हात सिस्टरमुळे हलायला लागला, असं मी म्हणतच नाही. जो काही हलतोय तो फिजिओमुळे आणि नशिबामुळे. मी ज्याचे पैसे दिले त्या गोष्टी वेगळ्या आहेत: दुप्पट जाणारी गोळी चौथ्या दिवशी थांबली, विसरलेली नळी निघाली, खांदा निखळला नाही, पाठीला एकही जखम नाही, आणि आईचं बीपी सापडलं. त्यातली पहिली एकच घेतली तरी पैसे वसूल. भाच्याला तसं कळवलं. त्याने अंगठा पाठवला, म्हणजे पटलं नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. सातव्या आठवड्यानंतर सिस्टर नोकरी सोडून गेली. तिला दुसरीकडे चांगली संधी मिळाली, तिचं भलं होवो. पण हॉस्पिटलने आम्हाला कळवलंसुद्धा नाही. एका मंगळवारी फोन केला तर वेगळाच आवाज, “पेशंटचा यूएचआयडी नंबर सांगा.” नव्या सिस्टर स्वभावाने वाईट नव्हत्या. एकदा वैतागून म्हणाल्या, “ताई, माझ्याकडे सत्तरच्या वर पेशंट आहेत, मी तरी काय करू?” खरं होतं ते. पण दर फोनला पहिल्यापासून: पेशंट बोलतात का, नळी आहे का, शुगर आहे का. नळी जाऊन दीड महिना झाला होता. तिसऱ्या वेळी मी विचारलं, आधीच्या सिस्टरनी लिहून ठेवलेलं कुठे गेलं? उत्तर आलं की त्या वहीत लिहायच्या, सिस्टीममध्ये नाही. मग ती वही? माहीत नाही.

म्हणजे आम्ही ११,५०० रुपये भरले ते सेवेचे असं हॉस्पिटल समजत होतं, आणि मिळाली ती एक बाई आणि तिची वही. दोन्ही गेल्या तेव्हा मागे उरला कॉल सेंटर.

माझ्या वहीतले आकडे: त्यांच्याकडून आलेले फोन १९, त्यातले १५ पहिल्या सात आठवड्यांत. आम्ही केलेले १२, त्यातले ५ उचलले गेले नाहीत. घरच्या भेटी पाच ठरलेल्या, चार झाल्या, पाचवी व्हिडिओ कॉलवर उरकली. त्या भेटीचे पैसे परत मागणारं पत्र मी लिहिलंय, अजून उत्तर नाही. तारे कसे काढले तेही सांगते: सात आठवडे पाच तारे, पुढचे सहा आठवडे दोन तारे, भारित सरासरी ३.६. त्यातून भाऊबीजेच्या रात्रीचे थोडे कापले.

घ्यावं का? पेशंट सरळ चालत घरी येणार असेल आणि घरात कुणी वाचणारं-विचारणारं असेल तर नको, तेवढ्या पैशात फिजिओचे दिवस वाढवा. आमच्यासारखं असेल, गिळण्याचा त्रास, बोलणं गेलेलं, सात गोळ्या, तर पहिल्या महिन्यासाठी डोळे झाकून घ्या. फक्त भरण्याआधी खिडकीवर अडून बसा आणि त्या नर्सला समोर बोलवायला सांगा. तिच्याकडे किती पेशंट आहेत ते तिच्याच तोंडून ऐका. रात्री नऊला फोन कोण उचलणार, ती सुट्टीवर गेली तर कोण येणार, आणि ती लिहिते कुठे, हे विचारा. शेवटचा प्रश्न विचारायचं मला त्या वेळी कधीच सुचलं नसतं.

नव्वदावा दिवस संक्रांतीनंतर दोन दिवसांनी आला. त्या दिवशी बाग शंभर दिवसांची होती, मण्यांत पाणी उतरत होतं, काढणीला अजून तीन आठवडे. पॅकेज संपल्याचा निरोप आला आणि खाली नूतनीकरणाची लिंक. पुढच्या ९० दिवसांना पुन्हा ११,५००. मी भरले नाहीत. दादाने पुठ्ठ्यावर बागेच्या फोटोशेजारी अण्णांचं बोट पाहिलं आणि म्हणाला, आता गावीच नेतो. दारामागचा कागद काढून, गोळ्या नव्याने लिहून, मी गावच्या आशाताईंना एक प्रत दिली. दर आठवड्याला बीपी त्या बघून जातात.

आता मार्च संपत आलाय, बाग उतरली. अण्णांना ‘पाणी’, ‘हो’, ‘नको’ आणि दादाचं नाव म्हणता येतं, माझं अजून नाही. काठी आणि एका माणसाचा आधार घेऊन चालतात. उजवा हात खिशातच असतो. पॅकेज संपलं तरी ॲपचा निरोप थांबलेला नाही. परवा सोमवारी गावी होते तेव्हा फोन वाजला: ‘आज ३० मिनिटे चाललात का?’ अण्णा नुकतेच घरापासून बांधापर्यंत जाऊन आले होते. फोन मागून घेतला, बराच वेळ बघितलं, आणि डाव्या अंगठ्याने ‘हो’ दाबलं. मी घड्याळ लावलं होतं, अकरा मिनिटं झाली होती. नोंद तशीच राहू दिली.